घरच्या सामानातून फ्लाय बांधताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सातारा-सांगलीकडे गांडूळ आणि कणकेच्या गोळ्यावर गळ टाकणारे अनेक जण आता पिसा-धाग्याची फ्लाय, म्हणजे माशाला किडा वाटावा असं गळावर बांधलेलं नकली आमिष, घरीच बांधून बघतात. विकतची फ्लाय बहुधा ऑनलाइन मागवावी लागते, आणि एखादी बाभळीच्या फांदीत अडकून गेली की जीव हळहळतो. म्हणून घरी बांधायचा विचार चांगलाच आहे. पण घरी बांधलेल्या बऱ्याच फ्लाय दोन मासे लागेपर्यंत उसवतात, आणि मग दोष सामानाला दिला जातो.

सामान बहुतेक वेळा ठीकच असतं. बिघडतं ते तीन ठिकाणी: वस्तू बांधायचा क्रम चुकतो, गळाच्या नेढ्यामागे (दोर ओवायच्या भोकामागे) जागा उरत नाही, आणि धागा सैल पडतो. या लेखात एकच फ्लाय पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधली आहे. झुबकेदार शेपटी, लोकरीचं अंग आणि त्यावर पिसाचे फेरे असलेली ही फ्लाय जगभर ‘वुली बगर’ नावाने ओळखतात. पाण्यात ती जळू, चतुराची अळी किंवा छोटा मासा यांपैकी काहीही वाटू शकते. ती नीट जमली की पुढच्या बहुतेक फ्लायची कामं हातात बसलेली असतात.

१. सामान जमवणे

गळ. नेढं असलेला, जरा लांब दांड्याचा, ८ किंवा १० नंबरचा गळ घ्या. या मापांत नंबर जितका मोठा तितका गळ लहान, त्यामुळे ‘मोठा द्या’ म्हणून १६ नंबर घेऊन येऊ नका. दोन प्रकार टाळा. एक, नेढ्याऐवजी चपटं टोक असलेला. दुसरा, गांडूळ घसरू नये म्हणून दांड्यावर खाचा पाडलेला. त्या खाचा धागा कापतात.

धागा. पॉलिस्टरचाच. सुती धागा ओला राहून कुजतो. साधा शिलाईचा धागा चालतो, पण जाड असल्याने डोकं फुगतं. शिंप्याकडे ओव्हरलॉक मशीनचा धागा मिळाला तर तो बारीक असतो, पहिली पसंती त्याला. भरतकामाचा चकचकीत, रेशमासारखा धागा दिसायला सुंदर, पण ताण दिला की तुटतो.

तार. छताच्या पंख्याच्या वाइंडिंगची तांब्याची तार, साधारण ०.२ मिमी जाडीची. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जळलेल्या पंख्याची तार सहज मिळते. उसाच्या पट्ट्यात ही दुकानं गावोगाव आहेत, मात्र तिथे बहुतेक काम पाण्याच्या मोटरचं असतं आणि ती तार फार जाड असते. मागताना ‘पंख्याची’ असं सांगा.

लोकर. स्वेटरच्या लोकरीचा धागा उलगडून त्यातला एकच पदर घ्या. काळा, तपकिरी आणि गडद हिरवा एवढे रंग पुरतात. माण, खटाव, जत, आटपाडी या भागात घोंगडी विणणारे ओळखीचे असतील तर काळ्या मेंढीची मूठभर लोकर मागून घ्या. ती खरखरीत असते, तिचे केस अंगातून बाहेर येतात आणि पाण्यात हलतात. फ्लायसाठी मला याहून चांगली लोकर माहीत नाही.

बाकी सामान घरात असतंच: नेलपॉलिश (बिनरंगी), मेणबत्ती, छोटी टोकदार कात्री, कपड्याचे चिमटे, रिकामं बॉलपेन, सुई.

२. पिसं: इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात

चिकनच्या दुकानातून पांढरी पिसं पिशवीभर फुकट मिळतात. ती आणून लोक दांड्याभोवती गुंडाळतात आणि फ्लायऐवजी ओल्या कापसाचा बोळा तयार होतो. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापली जाते. मानेवरची लांब, अरुंद, चमकदार पिसं तेवढ्या वयात तयारच झालेली नसतात. गुंडाळायला लागतात ती पूर्ण वाढलेल्या गावरान कोंबड्याची, मानेवरची आणि पाठीच्या शेवटाकडची. गावात कोंबडा कापला जातो तेव्हा आधीच सांगून ठेवा. कोंबडीची मान चालणार नाही, नर हवा.

पीस योग्य आहे का, हे असं बघा. मधल्या काडीला वाकवा, त्याचे केस पंख्यासारखे उभे राहतील. हे केस ताठ आणि एकमेकांपासून सुटे हवेत. एका केसाची लांबी गळाच्या टोकापासून दांड्यापर्यंतच्या अंतराच्या दीडपट ते दुप्पट हवी. त्याहून लांब केसांचं पीस लावलं तर मासा नुसतं पीस चावतो आणि गळ तोंडाबाहेरच राहतो.

ब्रॉयलरची पिसं टाकू मात्र नका. त्यांच्या बुडाशी जो मऊ, भुरभुरीत भाग असतो तो शेपटीसाठी उत्तम आहे. पाण्यात तो श्वास घेतल्यासारखा हलतो. म्हणजे अंगासाठी गावरान कोंबडा आणि शेपटीसाठी ब्रॉयलर.

सावधान: परदेशी कृतींमध्ये मोरपिसाचे धागे सांगितलेले असतात. मोर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मधला पक्षी आहे. मोरच नव्हे, कुठल्याच रानपाखराची पिसं वापरू नका. हिरवट चमक हवी असेल तर राखीच्या हिरव्या जरीचा एक धागा काळ्या लोकरीच्या पदरासोबत पिळून घ्या, काम होतं.

३. धुणे, रंगवणे, साठवणे

पिसं कोमट पाण्यात थोडा शॅम्पू टाकून धुवा. रक्त किंवा कातडीचा तुकडा राहिला तर पुढे वास येतो आणि कीड लागते. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा, वर्तमानपत्रावर पसरा, सावलीत सुकवा. दुकानातून आणलेली पिसं हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा.

पांढऱ्या पिसांना पिवळा रंग द्यायचा तर आपल्याकडे हळदीची काय कमी! कपभर गरम पाण्यात चमचाभर हळद आणि थोडं व्हिनेगर घाला. उकळतं पाणी नको, त्याने पिसं वेडीवाकडी होतात. पिसं अर्धा तास बुडवून ठेवा आणि साध्या पाण्यात धुवा. तपकिरी रंगासाठी कडक चहाचं पाणी असंच वापरा.

इथली नेहमीची चूक म्हणजे रंगवल्यावर साबण लावणं. हळदीला चुना लागला की ती लाल होते तशीच साबणानेही होते, आणि पिवळ्याऐवजी मळका तांबडा रंग हाती येतो. हळदीचा रंग उन्हात विटतो, म्हणून ही पिसं उघड्यावर ठेवू नका.

पूर्ण सुकलेली पिसं घट्ट पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि नंतर डब्यात डांबरगोळीसह ठेवा. मेंढीची लोकरही आधी धुवायलाच हवी, कारण तिच्यातल्या चिकटपणामुळे सुरुवातीला पाणी आत शिरत नाही आणि फ्लाय तरंगत राहते.

४. बैठक

विकतचा वाईस (गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) लागत नाही. नोज प्लायरच्या तोंडात गळाचा बाक (वळलेला भाग) धरा आणि मुठींवर जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी घट्ट गुंडाळा. प्लायर टेबलाच्या कडेला दोरीने किंवा क्लॅम्पने आडवा पक्का बांधा. गळाचा दांडा जमिनीला समांतर आणि नेढं उजवीकडे असं ठेवा. (डावखुऱ्यांनी उलट.)

त्याआधी गळाचा उलटा काटा प्लायरने दाबून सपाट करा. हे बांधायच्या आधीच करायचं. कधीकधी दाबताना टोकच तुटतं, आणि तयार फ्लायचं टोक तुटलं तर सगळी मेहनत पाण्यात. काटा दाबलेला गळ माशाच्या तोंडातून सहज सुटतो, आणि तुमच्या बोटातूनही.

धागा सोडायची वेळ आली की त्याला कपड्याचा चिमटा लटकवा. तेवढ्या वजनाने ताण टिकतो. धागा वापरायच्या आधी मेणबत्तीवरून दोनदा ओढा, मग तो दांड्यावर घसरत नाही.

पाहा: बोटाने नेढं खाली दाबा. गळ प्लायरमध्ये फिरत असेल तर पुढे जाऊ नका, रबर आणखी आवळा. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि बसायची जागा लहान मुलांच्या वावरापासून दूर निवडा.

५. बांधणी

सगळ्या बांधणीचा एक नियम: मागच्या टोकाला ज्या वस्तू बांधायच्या त्यांतली जी सगळ्यात शेवटी गुंडाळायची ती आधी बांधायची. तार शेवटी फिरते, म्हणून ती लोकरीच्या आधी बांधली जाते. लोक हाच क्रम उलटवतात आणि मग तार लोकरीखाली गाडली जाते.

१) पाया. नेढ्यामागे थोडी जागा सोडून धागा दांड्यावर ठेवा आणि त्याच्याच टोकावरून पाच-सहा फेरे घेऊन अडकवा. उरलेलं टोक कापा. आता फेऱ्याला फेरा लावत बाक सुरू होतो तिथपर्यंत जा. दांडा कुठेही उघडा दिसता कामा नये, कारण गुळगुळीत लोखंडावर बांधलेली कुठलीही वस्तू गोल फिरते. धागा तुटेल-न-तुटेल इतका ताणलेला हवा. किती ताण चालतो हे कळण्यासाठी पहिल्या गळावर मुद्दाम एकदा तोडून बघा.

२) जागेची खूण. नेढ्याच्या लांबीच्या दुप्पट जागा नेढ्यामागे मोकळी राहिली पाहिजे. तिथे पेनने दांड्यावर खूण करा. डोकं आणि शेवटची गाठ तिथेच येणार आहे. या खुणेपुढे कुठलंही सामान जाऊ द्यायचं नाही.

३) शेपटी. ब्रॉयलर पिसाच्या मऊ भागाचे केस चिमटीत धरून काडीपासून तोडा. बोटं ओली केली की ते एकत्र राहतात. शेपटीची लांबी दांड्याएवढी. जास्त लांब ठेवली तर ती बाकाभोवती गुंडाळली जाते आणि मासे तिचंच टोक ओढतात. केस दांड्याच्या वर धरून दोन सैल फेरे घ्या आणि मग खाली ओढून आवळा. पहिलाच फेरा घट्ट घेतला तर केस पलीकडच्या बाजूला घसरतात. उरलेली बुडं लगेच कापू नका. ती दांड्यावरून पुढे खुणेपर्यंत पसरवून धाग्याने झाका. मागेच कापली तर तिथे पायरी पडते आणि अंग ओबडधोबड होतं.

४) तार. सुमारे १५ सेंमी तार घ्या. तिचं टोक दांड्याच्या कडेला ठेवून पुढून मागे धाग्याने बांधत शेपटीपर्यंत या. तार मागे लोंबकळत राहू द्या. फ्लाय लवकर बुडायला हवी असेल तर याच तारेचे आठ-दहा जवळजवळचे फेरे दांड्याच्या मधल्या भागात आधीच घ्या. शिशाच्या पट्टीची गरज पडत नाही.

५) लोकर. लोकरीचा पदर शेपटीच्या बुडाशी बांधा आणि धागा पुढे खुणेपर्यंत न्या. आता लोकर फेऱ्याला फेरा लावत पुढे गुंडाळा. खुणेपाशी धाग्याचे चार-पाच घट्ट फेरे घेऊन बांधा आणि उरलेली कापा. मेंढीची सुटी लोकर असेल तर मेण लावलेल्या धाग्यावर ती बोटांनी एकाच दिशेने पिळून घ्या. पुढे-मागे पिळली तर सुटते. कमी लोकर घ्या. सगळ्यांना वाटतं त्याच्या निम्मीच पुरते.

थांबून बघा: खूण अजून दिसते आहे का? दिसत नसेल तर लोकर उलगडा आणि मागून पुन्हा गुंडाळा. इथे आळस केला तर पुढे डोक्याला जागा मिळत नाही. गाठ नेढ्यावर चढते, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ओवता येत नाही आणि दोन वेळा वापरल्यावर गाठ घसरते.

६) पीस बांधणे. गावरान कोंबड्याचं पीस घ्या. बुडाचा मऊ भाग काढून टाका आणि काडीचा थोडा भाग उघडा ठेवा. ती उघडी काडी पुढच्या बाजूला, खुणेपाशी बांधा. पिसाची चमकदार बाजू तुमच्याकडे. काडी गुळगुळीत असते, म्हणून फेरे सहा-सात तरी हवेत.

७) पीस मागे फिरवणे. पिसाचं टोक कपड्याच्या चिमट्यात धरा. पुढे दोन फेरे शेजारी शेजारी घ्या आणि मग चार-पाच मोकळे फेरे घेत शेपटीपर्यंत जा. प्रत्येक फेऱ्यापूर्वी आधीचे केस ओल्या बोटांनी मागे सारा. तसं केलं नाही तर केस फेऱ्याखाली दबतात. पीस तुटलं तर ते बहुधा जुनं आणि कोरडं असतं. गुंडाळण्यापूर्वी पाच मिनिटं वाफेवर धरलं तर लवचीक होतं.

८) तारेने जखडणे. पिसाचं टोक तसंच ताणून धरा. तारेचा एक फेरा त्यावर घेऊन ते शेपटीपाशी दाबा आणि तार मोकळ्या फेऱ्यांनी पुढे आणा. तार किंचित डावी-उजवी हलवत नेली की ती केसांमधून वाट काढते आणि केस चिरडत नाहीत.

इथे एक गोंधळ ठरलेला. तार उलट दिशेने फिरवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. पीस मागून पुढे गुंडाळलं असेल तर तो बरोबर आहे. पण इथे पीस पुढून मागे आलं आहे. त्यामुळे तार धाग्याच्याच दिशेने फिरवत पुढे आणली तर ती पिसाच्या काडीला प्रत्येक फेऱ्यात आडवी ओलांडते. उलट फिरवली तर काडीच्या बाजूने समांतर जाते आणि काडी उघडी राहते. माशाचा दात लागला की तिथेच ती तुटते आणि सगळं पीस उलगडतं.

९) तार बांधणे. खुणेपाशी धाग्याने तार बांधा. कात्रीने कापू नका, धार जाते. तार पुढे-मागे वाकवत राहा, ती आपोआप तुटते आणि टोक बोचत नाही.

१०) डोकं आणि गाठ. पिसांचे केस मागे सारून धाग्याचं छोटं निमुळतं डोकं बनवा. आता रिफिल काढलेल्या बॉलपेनचं टोक घ्या. ताणलेला धागा पेनच्या टोकाभोवती एकदा असा फिरवा की फास तयार होईल. पेनचं भोक नेढ्यावर टेकवा, फास पेनवरून सरकवून डोक्यावर उतरवा आणि आवळा. अशा चार गाठी. एक-दोन गाठींवर सोडलेली फ्लाय हमखास उसवते. मग धागा डोक्यालगत कापा.

११) नेलपॉलिश. सुईच्या टोकाने डोक्यावर एक थेंब. सुकला की दुसरा. ब्रशने लावलं तर नेढं भरून जातं, भरलंच तर ओलं असतानाच सुई आरपार घाला. झटपट चिकटणारा गोंद टाळा. तो धाग्यातून झिरपून पिसाच्या केसांत जातो, केस ताठ होतात आणि त्यांवर पांढरा थर येतो.

६. पाण्यात नेण्यापूर्वी तपासणी

रात्रभर सुकू द्या. मग शेपटी धरून हलकेच ओढा, निघून आली तर धागा सैल होता. अंग दोन बोटांत धरून फिरवायचा प्रयत्न करा, फिरलं तर पाया उघडा राहिला होता. त्यानंतर पारदर्शक ग्लासात पाणी घेऊन फ्लाय टाका. भिजल्यावर ती सरळ बुडायला हवी. एका कुशीवर कलत असेल तर शेपटी बाजूला बांधली गेली आहे. तंगूस ओवून ग्लासात वर-खाली केली की शेपटी कशी हलते तेही दिसतं. पुढच्या फ्लायमध्ये काय बदलायचं ते इथेच ठरवा.

तपासणीत नापास झालेली फ्लाय ब्लेडने कापून गळ मोकळा करा. ब्लेड नेढ्याकडून बाकाकडे, दांड्याच्या वरच्या बाजूने चालवा, म्हणजे बोट टोकापासून लांब राहतं.

७. त्याच सामानातून आणखी दोन

छोट्या चंदेरी माशासारखी फ्लाय हवी असेल तर लोकर आणि पीस दोन्ही वगळा. प्लॅस्टिकच्या पोत्याचे पांढरे धागे बारीक चिरून दांड्याच्या वर बांधा, त्यांत राखीची चंदेरी जर मिसळा आणि डोक्यावर परमनंट मार्करने डोळे काढा. धागे गळाच्या बाकापलीकडे फार गेले तर त्यांची टोकं वेगवेगळ्या लांबीची कापा. सरळ रेषेत कापलेली टोकं झाडूसारखी दिसतात.

तरंगणाऱ्या मुंगळ्यासाठी जुन्या फोमच्या चपलेची ३ मिमी जाड पट्टी कापा. ती दांड्यावर ठेवून मधोमध धाग्याने आवळा, म्हणजे पुढे-मागे दोन गोळे होतात. कमरेत पिसाचे दोन फेरे. फोम इतका आवळू नका की धागा तो चिरेल.

८. काठीला लावताना

फ्लायला वजन नसतं. बाजारातल्या साध्या रीळकाठीने ती नुसती फेकली तर पायाशी पडते. एक तर पाणी भरायचा पारदर्शक तरंगा लावा आणि त्यापुढे हात-दीड हात तंगूस सोडून फ्लाय बांधा. नाहीतर रीळ विसरा. १०-१२ फुटांचा लवचीक बांबू आणि त्याच्याएवढीच तंगूस घ्या. चिलापी (तिलापिया) आणि छोट्या माशांसाठी मला हा बांबूच जास्त आवडतो. फ्लाय पाण्यात पडल्यावर थोडी बुडू द्या आणि मग टोक हलकेच उचलत छोट्या छोट्या झटक्यांनी ओढा. सतत एका वेगाने ओढली तर मऊ शेपटी अंगाला चिकटून राहते.

तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तिथेच कमजोर होते.

जागेबद्दल: फ्लायवाले पाण्यात उतरून उभे राहतात, ते चित्रांत पाहून इथे करू नका. सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. काठाच्या उतारावर बसूनही गळ टाकू नका, पाण्यापासून अंतर ठेवून उंच कडेवर उभे राहा. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने दिलेले असतात, तिथे आधी विचारा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळ नेऊच नका. महसीर लागला तर ओल्या हातांनी पाण्यातच गळ काढा आणि सोडून द्या. पावसाळ्याच्या तोंडाला मासे अंड्यांवर असतात, ते दिवस घरी बसून फ्लाय बांधण्याचेच.

घरी आल्यावर ओल्या फ्लाय लगेच डबीत बंद करू नका. गळ गंजतो आणि गंज धाग्याला खातो. थर्माकोलच्या तुकड्यावर टोचून वाऱ्यावर सुकवा. डोक्यावरचं नेलपॉलिश तडकलेलं दिसलं तर त्याच वेळी एक थेंब पुन्हा लावा.